खांबेट्यांचा लांबट चेंडू

नाही, पण चेंडू गोल असावा एवढी साधी अपेक्षासुद्धा माणसानं ठेवायची नाही का? अहो, चेंडू म्हणजे गोल, हे आपण बालवाडीत शिकलो! आणि हा... हा दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगलेला, जमिनीवर टाकला तर कुठे उडी मारेल ते त्याचं त्यालाही माहीत नाही, आणि याला म्हणायचं फुटबॉल! बरं, फूट म्हणजे पाय ना? पण पाय लावायचा नाही! हातानं फेकायचा, हातानं झेलायचा, काखेत मारून पळत सुटायचं, आणि नाव काय तर फुटबॉल! ज्यानं हे नाव ठेवलं ना, त्याला आधी शाळेत परत पाठवा!

हे मी नाही हो म्हणत. हे आमचा सुबोध म्हणायचा. सुबोध खांबेटे, मूळचा नाशिकचा, गेली बरीच वर्षं सौदीत, ज्युबेलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात पाइपांचा इंजिनिअर. माझा शेजारी. आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे फोडणी पडली की मला शिंक येते, म्हणून सगळं आतून माहीत. तर हा सुबोध, वय सेहेचाळीस, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, अमेरिकन फुटबॉलचा कोच झाला. सौदी अरेबियात! आता हसा. मीही हसलो होतो.

झालं काय, तुम्हाला सांगतो. सुबोधचा बॉस हाशम. माणूस सौदी, पण सहा वर्षं अमेरिकेत ओहायोला शिकलेला, आणि तिथून येताना त्यानं तीन गोष्टी आणल्या. एक डिग्री, एक तो लांबट चेंडू, आणि समोर जो दिसेल त्याला 'बडी' म्हणायची सवय. एके दिवशी कँटीनमध्ये सुबोध डाळभात कालवत बसला होता आणि हाशमनं येऊन पाठीवर थाप मारली. "सुबोध, बडी! यू नो फुटबॉल?" आता हा काय सांगणार? वर्ल्ड कपच्या मॅचेस बघितलेल्या, कॉलेजात एकदा गोलकीपर आजारी पडला म्हणून उभा राहिलेला... म्हणाला, "येस सर! ऑफ कोर्स सर!" आणि हाशम इतका खूश झाला की डाळभाताच्या ताटावर वाकून त्यानं सुबोधला मिठी मारली. "ग्रेट! थर्सडे इव्हिनिंग! यल्ला!" म्हणजे, चला!

गुरुवारी संध्याकाळी हा गेला. बघतो तर तो लांबट चेंडू! तिथल्या तिथे सांगायचं ना, की साहेब, गैरसमज झाला, मला वाटलं गोल? पण बॉसला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा!

तर तिथे आधीच एक कोच होता, ब्रॅडली नावाचा टेक्सासचा माणूस. डोकं कुठे संपतं आणि मान कुठे सुरू होते ते शोधावं लागेल असा. सुबोधला त्याचा मदतनीस केला. मदतनीस म्हणजे काय, तर बर्फाची पेटी उचलायची. आणि ब्रॅडली ओरडला की आपणही ओरडायचं. ब्रॅडली ओरडायचा, "मूव्ह युअर फीट!" की मागून सुबोध, "फीट, फीट!" बस. इतकं सुखाचं काम आयुष्यात दुसरं मिळालं नव्हतं हो त्याला! पण सुख कुठलं टिकतं? ब्रॅडलीचं प्रोजेक्ट संपलं, खलास, तिकीट आलं, आणि निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यानं सुबोधचा हात धरून वर केला. "युअर न्यू कोच!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाशमनं सगळ्यात जोरात. सुबोधचा दुसरा हातही आपोआप वर गेला. बॉसला नाही कसं म्हणायचं!

घरी आला. बायको शोभना तिथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात पॅथॉलॉजीत. बाई दिवसभर सुया टोचून येते, संध्याकाळी शब्द टोचते. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कोच केलं? तुम्हाला साधी पार्किंगमधून गाडी काढताना मागे 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारा माणूस लागतो!" आणि लेक ईशा, नववीतली, इंडियन स्कूलची. तुम्ही मराठीत विचारा, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार, आणि तेही एका शब्दात. वर्षभर बापलेकीत संवाद म्हणजे काय, तर "जेवलीस का?" "येस." "अभ्यास?" "डन." "काय झालं?" "नथिंग." त्या दिवशी मात्र पोरगी खोलीतून बाहेर आली, कानातली ती बोंडं काढली, आणि अख्खं वाक्य बोलली हो! "बाबा, यू डोन्ट इव्हन नो व्हॉट अ डाउन इज!"

सुबोध म्हणाला, "नाही माहीत. तुला माहितीये?"

"ऑफ कोर्स."

"मग शिकव ना."

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून त्या घरातलं स्वयंपाकघर बंद पडलं. का? मिसळणाचा डबा मैदानावर गेला! जेवणाचं टेबल म्हणजे मैदान, आणि डब्यातल्या वाट्या म्हणजे खेळाडू. मोहरीची वाटी म्हणजे हाशम, कारण तो क्वार्टरबॅक, म्हणजे मागे उभा राहून चेंडू फेकणारा, सगळं त्याच्यापासून सुरू. हळद म्हणजे मुस्तफा, तो इजिप्तचा, अकाउंट्समधला. जिरं, तिखट, धणे, हे बाकीचे. पाच इकडे, पाच तिकडे. ईशा सांगतेय, "बाबा, आपण फ्लॅग फुटबॉल खेळतो, सो नो टॅकल, कुणाला धरून पाडायचं नाही. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन झेंडे. ज्याच्या हातात बॉल, त्याचा झेंडा ओढला की खेळ थांबला. चार चान्स. एका चान्सला म्हणायचं डाउन." बघा, पोरगी बापाला समजावता समजावता मराठीत यायला लागली! आणि तिकडे शोभना ओट्यापाशी उभी, हातात पळी, तेल तापलंय, आणि ओरडतेय, "माझा हाशम द्या हो इकडे, फोडणी जळतेय!"

पण एक वाक्य सुबोधच्या डोक्यात जाऊन बसलं. झेंडा ओढला की खेळ थांबला. म्हणजे काय? म्हणजे अंगाला हात लागू द्यायचा नाही! आणि हे म्हणजे काय? अहो, हे तर खो-खो! आणि खो-खो म्हटल्यावर... सुबोध नाशिकला शाळेच्या टीममध्ये होता, विभागीय स्पर्धेत भल्याभल्यांना हुलकावण्या देऊन मिनिटंच्या मिनिटं नाबाद राहिलेला! गुडघे तेव्हा गप्प असायचे.

पुढच्या गुरुवारी मैदानावर यानं पाच सौदी-इजिप्शियन बाप्यांना ओळीनं उभं केलं आणि हुलकावणी शिकवायला सुरुवात केली. खांदा डावीकडे, नजर डावीकडे, पाय उजवीकडे! सुबोध स्वतः करून दाखवतोय, गुडघ्यातून कटकट आवाज येतोय, आणि मुस्तफा, शंभर किलोचा माणूस, दोन्ही हात आभाळाकडे करून म्हणतोय, "या बाशमुहंदिस!" म्हणजे अहो इंजिनिअरसाहेब, "ही कवायत आहे की लग्नातला नाच?" पण जमायला लागलं हो त्यांना! महिन्याभरात हा मुस्तफा असा डुलत डुलत चार जणांना चकवून जायचा की समोरचे त्याचा झेंडा सोडून एकमेकांचे झेंडे ओढायचे. एक मॅच जिंकली. दुसरी जिंकली. आसपासच्या कंपन्यांच्या वसाहतींतल्या टीम्स विचारायला लागल्या, तुमचा कोच कुठल्या युनिव्हर्सिटीचा?

आता तुम्ही म्हणाल, मग रडगाणं कसलं? रडगाणं आहे ना! हाशम! हाशमला फेकता येत नव्हतं!

नाही, म्हणजे फेकायचा. जीव तोडून फेकायचा. पण चेंडू मुस्तफाकडे जायच्याऐवजी बहरीनकडे जायचा. आणि टीममधले सगळे कोण? हाशमच्याच हाताखालचे! चेंडू कुंपणाबाहेर जाऊन कुणाच्या तरी गाडीच्या टपावर धपकन आदळला की हे सगळे काय म्हणायचे? "वल्लाह, अमेझिंग थ्रो!" एक जण म्हणायचा, वारा होता. दुसरा म्हणायचा, ऊन डोळ्यावर आलं. संध्याकाळी कसलं ऊन हो? सुबोधनं मग युक्ती काढली, सर, तुम्ही फेकू नका, नुसता हातात द्या, बाकीचे पळतील. त्याच्यावरच मॅचेस जिंकल्या. पण हाशमला फेकायचंच असायचं. ओहायो अंगात यायचं त्याच्या!

आणि राखीव म्हणून बाकावर कोण बसायचा, ठाऊक आहे? ताजुद्दीन! हैदराबादचा, गोदामाचा सुपरवायझर, आयुष्यभर टेनिस बॉल क्रिकेट खेळलेला, सीमारेषेवरून फेकलेला चेंडू सरळ स्टंपवर. तो हळूच कोचच्या कानाशी यायचा, "कोच साब, अपन को एक बार फेकने देव ना. सर का बॉल तो नक्को बोलके भी बाहरीच जाता." सुबोध म्हणायचा, "बघू, बघू." काय बघू? बॉसला नाही कसं म्हणायचं!

आणि त्यात त्या वर्षी सुबोधचं काँट्रॅक्ट नव्यानं व्हायचं होतं. त्याच्यावर हाशमची सही. सही नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही, इकामा नाही तर बिऱ्हाड गुंडाळा आणि चला नाशिकला. आणि ईशाची पुढच्या वर्षी दहावी, बोर्डात नाव इथल्या शाळेतून गेलेलं. शोभनानं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, एक वर्ष. एक वर्ष त्या माणसाला काही बोलायचं नाही. त्यानं चेंडू समुद्रात फेकला तरी वा म्हणायचं. मी तुमचं तोंड ओळखते, तुम्ही काही बोलणार नाहीच, तरी सांगून ठेवते."

आणि जानेवारीत निघाली तबूकची स्पर्धा.

तबूक म्हणजे सौदीचं पार वायव्येचं टोक. जानेवारीत तिथे अशी थंडी की शोभनानं नाशिकहून आणलेली सगळी स्वेटरं सुबोधच्या अंगावर एकावर एक चढवली, कोच म्हणून उभा राहिला तर गादीची गुंडाळी दिसत होता. सगळं कुटुंब गेलं विमानानं. फालुदा होणार हे ठरलेलं होतं, पण झालं उलटंच. मुस्तफा डुलला, सगळे पळाले, हाशमनं शहाण्यासारखा चेंडू नुसता हातात दिला, आणि आमची ज्युबेलची टीम फायनलला! समोर तबूकच्या डॉक्टरांची टीम. कॅप्टन कोण? हाडांचा सर्जन! म्हणजे आपण पळताना पडलो तर उचलायलाही तोच आणि प्लास्टर घालायलाही तोच.

आणि फायनल म्हटल्यावर हाशमच्या अंगात जे ओहायो आलं ते उतरेचना. पहिला चेंडू फेकला, सरळ हाडवाल्या सर्जनच्या हातात! आपल्या माणसाला दिला असता तरी इतका अचूक गेला नसता. सर्जन शेवटच्या रेषेपलीकडे पळाला, सहा गुण. थोड्या वेळानं परत फेकला, परत डॉक्टरच्या हातात, परत सहा. सहा गुणांनंतर मिळतो तो एका जादा गुणाचा प्रयत्न दोन्ही वेळा त्यांचा चुकला म्हणून बारावर थांबलं, नाहीतर काही खरं नव्हतं. अर्धा खेळ झाला. बारा-शून्य.

मध्यंतर. टीम येऊन उभी राहिली. सगळे जमिनीकडे बघतायत. हाशम एकटाच टाळ्या वाजवतोय, "नो प्रॉब्लेम, बडी! सेकंड हाफ, आय विल थ्रो मोअर!"

मोअर!

मुस्तफानं सुबोधकडे असं बघितलं, बकरा कसायाकडे बघतो तसं. ताजुद्दीन बाकावर बसून नुसता खांदा फिरवतोय. बाकड्यांवर प्रेक्षकांत शोभना, तिनं लांबून हवेत सही करून दाखवली. एकदा, दोनदा, तीनदा. सही! सही! लक्षात ठेवा! आणि तिच्या शेजारी ईशा. नुसती बापाकडे बघत होती. तुम्हाला सांगतो, पोरांनी ओरडलेलं परवडतं. हे असं बघितलेलं नाही परवडत.

सुबोध हाशमला बाजूला घेऊन गेला.

"सर... तुम्ही दमला असाल."

"नो! आय अॅम ग्रेट, बडी!"

"सर, खांदा?"

"खांदा ग्रेट."

"गुडघा सर? माझा फार दुखतो हो थंडीत."

"माझे गुडघे ग्रेट. बर्फाची पेटी दे."

आता संपलं. दमणूक, खांदा, गुडघा, सभ्य माणसाजवळ असतात ती सगळी कारणं संपली. सुबोधनं घसा खाकरला. चार स्वेटरांच्या आत घाम फुटला होता. आणि तोंडातून निघालं काय? मराठी!

"बसा."

"व्हॉट?"

"बसा म्हणतो ना! सर... सिट. प्लीज. ताजुद्दीन विल थ्रो."

"आर यू सेइंग नो टू मी?"

आणि सुबोध खांबेटे, ज्यानं आयुष्यात कधी विमानात शेजाऱ्याला 'माझ्या खांद्यावरून डोकं काढा' म्हटलं नाही, त्यानं मान हलवली. "येस सर. आय अॅम सेइंग नो."

हाशमचा चेहरा बघवत नव्हता हो. रागावला असता तर बरं. तो रागावला नाही. त्यानं हळूच कमरेचा पट्टा सोडला, ताजुद्दीनच्या हातात दिला, आणि बाकावर जाऊन बसला. अगदी टोकाला. वर शोभनानं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, आणि ओठांवरून कळत होतं, बाई सामान बांधायला लागली आहे. आधी फ्रीज विकायचा की सोफा!

पुढचं काय सांगू? ताजुद्दीननं पहिला चेंडू असा सोडला, वाटलं आता मागून स्टंप उडणार! मुस्तफाच्या छातीवर धप्प, आणि शंभर किलो वजन हुलकावण्या देत रेषेपलीकडे. सहा. जादा गुण हुकला, पण परत फेकला, परत सहा. बारा-बारा! एका गुणाचा शेवटचा प्रयत्न, इतकासा फेकायचा, आणि ताजुद्दीननं तो फेकला. मुस्तफानं झेलला आणि झेलता झेलता आडवा पडला, तो हाडवाला सर्जन धावत आला, काही मोडलं का बघायला! तेरा-बारा. जिंकलो! ईशा पायऱ्या उतरून धावत आली, "बाबाऽऽ" म्हणून गळ्यात पडली. सगळ्यांसमोर, मराठीत! नववीतली पोर! सुबोधला कपाचं काही नव्हतं हो. त्याला वाटलं, हे पुरे. आता नोकरी गेली तर जाऊ दे.

येताना विमानात सीट कुणाशेजारी? हाशमशेजारी! आणि माणूस खिडकीबाहेर बघतोय. सरबत आलं, खिडकी. खाणं आलं, खिडकी. सुबोध समोरच्या सीटमागच्या उलटीच्या पिशवीवरचं सगळं वाचून काढून बसला. दम्माम, म्हणजे आमचा विमानतळ, जवळ आलं तेव्हा हाशम तसंच बाहेर बघत म्हणाला, "मी ओहायोला कधी खेळलोच नाही."

"काय सर?"

"सहा वर्षं. दर सीझनला टीममध्ये घ्या म्हणून गेलो. ते मला पाण्याच्या बाटल्या भरायला द्यायचे. एकदाही मैदानात सोडलं नाही." मग जरा हसला. "तू तरी अर्धी मॅच खेळू दिलीस. इथे सगळे म्हणतात अमेझिंग. एकटी माझी बायको उमामा म्हणते, हाशम, तू चेंडू फेकत नाहीस, हरवून येतोस."

जिंकलेल्या माणसाला इतकं वाईट वाटायची काही पद्धत असते का हो? सुबोधला एकदम वाटलं, शेवटचा एक चेंडू द्यायला हवा होता. कुणाचं काय गेलं असतं?

रविवारी कामावर गेला. टेबलावर काँट्रॅक्ट. सही झालेली! शोभनानं घरी देवापुढे साखर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी म्हणतच होते, माणूस चांगला आहे."

आणि आता तुम्हाला वाटेल, झालं, कोचची कारकीर्द सुरू झाली. कसली सुरू? संपली! पुढच्या गुरुवारी सुबोध बर्फाची पेटी घेऊन मैदानावर गेला, तर मैदान रिकामं! मुस्तफाला फोन लावला. मुस्तफा कुजबुजतोय, "या बाशमुहंदिस, हाशमसाहेबांनी फुटबॉल सोडला. आता ते पॅडल खेळतात." आणि तुम्ही? "आम्ही पण पॅडल." सगळे? "सगळे!" ताजुद्दीनसुद्धा? मागून आवाज आला, "क्या करना कोच साब, सर बोले तो आना पड्या!" बघा! कप जिंकलेली टीम, एका आठवड्यात साफ! ज्यांना बॉसला नाही म्हणता येत नाही असे लोक सगळ्या देशांत असतात, हे सुबोधला त्या दिवशी कळलं.

तो घरी आला, पेटीतला बर्फ मोरीत ओतला, आणि शांतपणे बसला. आता गुरुवार आपले. घरच्यांचे. तेवढ्यात फोन वाजला. हाशम!

"बडी! पॅडल! वुई नीड अ कोच!"

"सर, मी पॅडल आयुष्यात बघितलेलं नाही!"

"ग्रेट! मागच्या वेळीही तसंच होतं. यल्ला!"

फोन ठेवला. शोभना दारात उभी. "आता हे पॅडल म्हणजे काय असतं?"

सुबोध उठला, बूट शोधायला लागला. "काचेच्या खोलीत खेळतात म्हणे, भिंतीवर चेंडू आपटून," तो म्हणाला. "निदान एसी असतो."